कापीची पिवळी वही

भागीरथीबाई माणसांचा जमाखर्च डोक्यात ठेवत. समोरच्या पद्मावतीअक्कांकडे गेलेला आपला डबा भरून परत येतो की रिकामा, वरच्या मजल्यावरचे मूर्तीसाहेब देवळात कोणाला बघून घंटा जरा जोरात वाजवतात, कोणत्या नातेवाइकाचा फोन फक्त कामापुरता येतो, हे सगळं तारीखवार. कागदावर एक ओळ नाही. बंगळुराच्या बसवनगुडीत तीन पिढ्या काढलेल्या त्या मराठी घरात त्यांच्या या हिशोबाला सगळेच वचकून असत, आणि सगळ्यांत जास्त वचकून असत ते त्यांचे यजमान, श्रीधरराव.

श्रीधररावांचं वय एकोणसत्तर. चाळीस वर्षं त्यांनी चष्म्याचं दुकान चालवलं आणि येईल त्या गिऱ्हाइकाला ऐकवलं, की वर्षातून एकदा डोळे दाखवून जात जा. स्वतःला मात्र ते कोणत्याही डॉक्टरला दाखवायला तयार नसत. दुकान दोन वर्षांपूर्वी मुलाच्या हाती दिल्यापासून तर वेळ नाही हे कारणही उरलं नव्हतं, तरी ते देत असत.

त्यांच्या नावापुढचा ताजा आकडा भागीरथीबाईंकडे असा होता: संक्रांतीच्या सुमारास रात्रीतून दोनदा उठणं, उगादीच्या पाडव्याला तीनदा, आणि गणपती उठले तेव्हा पाच. न्हाणीघरातून पाण्याचा आवाज येई आणि त्याआधी लांबलचक शांतता. त्या डोळे मिटून दोन्ही मोजत. ती शांतताच त्यांना जास्त खुपत होती.

सकाळी कॉफीला बसलं की त्या सरळ विचारत, "रात्री झोप नाही झाली वाटतं?"

"कापीमुळं गं. सारखं बाहेर जायचं असतं त्याला. वय झालं आता."

कापी म्हणजे त्यांचा कुत्रा. फिल्टर कॉफीत दूध स्वल्प जास्त पडलं की जो रंग येतो त्या रंगाचा, म्हणून कापी. कानडीत कॉफीला तेच म्हणतात. दहा वर्षांपूर्वी गल्लीतून उठून घरात आला आणि राहिला. झोपेच्या बाबतीत घरात त्याच्याइतकं सुखी कोणी नव्हतं. श्रीधरराव उठले की त्यालाही हलवून उठवत, मागच्या अंगणात पेरूखाली उभं करत, आणि मग स्वतः आत जाऊन येत. म्हणजे पुरावा तयार. रात्रीतून पाचदा पेरूखाली उभं राहून त्या मुक्या जिवाच्या डोळ्यांखाली काळं यायचंच काय ते बाकी होतं.

"मग डॉक्टरला दाखवा."

"दाखवू की. पुढच्या आठवड्यात लस आहेच त्याची."

"त्याला नाही म्हणत मी."

"मला काय धाड भरलीय?"

इथं संभाषण संपे. कारण पुढचा शब्द त्या घरात नव्हता. कमरेखालच्या सगळ्या दुखण्यांना 'पोटाचं' म्हणायची त्यांच्याकडे पद्धत होती. सासऱ्यांचा हर्निया पोटाचा, सासूबाईंची पिशवी काढली तेही पोटाचंच. चार वर्षांपूर्वी श्रीधररावांचे थोरले भाऊ, ज्योतिबाअण्णा गेले, तेही 'पोटाच्या आजारानं'. खरं तर अण्णांना प्रोस्टेटचा कॅन्सर होता. त्यांनी वर्षभर कुणाला काही सांगितलं नाही, मग कंबर दुखते म्हणून तेल चोळून घेतलं, आणि डॉक्टरकडे नेलं तेव्हा तो हाडांत उतरला होता. त्यानंतर आठ महिने. भागीरथीबाईंनी ते आठ महिने जवळून पाहिले होते. आता त्यांना एवढंच हवं होतं, की त्याच घरातला दुसरा माणूस त्याच वाटेनं, त्याच गप्पपणानं जाऊ नये.

कापीच्या लसीच्या दिवशी दवाखान्यात त्यांना विद्याश्री भेटली. निपाणीकडची मुलगी, तिशीची, इथं भाड्यानं राहणारी. मराठी ऐकलं आणि थेट येऊन बसली. यशवंतपूरपलीकडच्या एका संशोधन संस्थेत कामाला होती, आणि वयस्क नर कुत्रा व वयस्क पुरुष एकत्र राहतात अशी घरं शोधत होती. दोन दिवसांनी ती पिशवी घेऊन घरी हजर झाली.

"काका, असं बघा," कॉफीची वाटी बोटांत फिरवत ती म्हणाली, "प्रोस्टेटचा कॅन्सर आपला आपण होणारे प्राणी फार थोडे आहेत. माणूस आणि कुत्रा. बाकी उंदराला वगैरे प्रयोगशाळेत मुद्दाम करावा लागतो. आणि कॅन्सर व्हायच्या आधी कित्येक वर्षं तिथल्या पेशी बिघडायला लागतात. ती आधीची पायरी माणसातही सापडते आणि कुत्र्यातही. एका घरातली हवा, एका नळाचं पाणी. दोघांचं एकदम बघितलं तर काहीतरी हाती लागेल असं आमच्या मॅडमना वाटतं."

वांग्याचा भाव सांगावा तसा तिनं तो शब्द उच्चारला. श्रीधरराव पंख्याकडे बघत होते. भागीरथीबाईंनी मनातल्या मनात त्या मुलीच्या नावापुढे काहीतरी ठळक जमा केलं.

"कापीचं काय लागेल ते घ्या," श्रीधरराव म्हणाले. "रक्त घ्या, फोटो काढा. माझं नको. मी ठणठणीत आहे."

"बरं. पण वही तरी भराल? तुमची निळी, कापीची पिवळी. तीस दिवस. रात्री किती वेळा जावं लागलं, धार कशी, जोर करावा लागला का. शेवटी शेऱ्याला मोकळी जागा आहे, मराठीत लिहिलंत तरी चालेल. मी वाचते."

"वही भरतो. त्यात काय आहे?"

"काकूंनी भरली तर?"

"तिला नको," श्रीधरराव घाईनं म्हणाले. "तिला अक्षरं बारीक दिसत नाहीत."

चाळीस वर्षं चष्मेवाल्याच्या बायकोला बारीक अक्षरं दिसत नव्हती, हे भागीरथीबाईंना त्या दिवशी कळलं.

वह्या श्रीधररावांनी दुकानाच्या जुन्या पाकिटांखाली ठेवल्या होत्या. आठ दिवसांनी ते बँकेत गेले तेव्हा भागीरथीबाईंनी त्या काढल्या. निळी वही म्हणजे एखाद्या पहिलवानाची वही. रात्री एकदा, रात्री शून्य, धार उत्तम, जोर नाही. शेऱ्याच्या जागी 'प्रकृती चांगली' आणि खाली चक्क सही.

मग त्यांनी पिवळी उघडली. पाच. चार. पाच. सहा. धार बारीक, मध्येच थांबते. सुरू व्हायला वेळ लागतो. आणि शेऱ्यात, त्या दुकानदारी, ठाशीव अक्षरात, चौथ्या दिवशी: 'झाल्यावरही पूर्ण झालं असं वाटत नाही.' सातव्या दिवशी: 'बाहेरगावी जायची भीती वाटते. सुनेकडे सर्जापूर रोडला जायचं टाळलं, वाटेत सोय नसते.'

भागीरथीबाईंना आधी हसू फुटलं. सर्जापूर रोडला जायला घाबरणारा कुत्रा सगळ्या बंगळुरात एकच असणार. हसता हसता त्या पलंगावर टेकल्या. पान उलटून प्रत्येक रात्रीचा आकडा त्यांनी स्वतःच्या आकड्याशी ताडून पाहिला. एकही चुकला नव्हता. ज्या रात्री सहा होते त्या रात्री सहाच लिहिले होते. माणूस प्रामाणिक होता, फक्त वही दुसऱ्याची घेतली होती.

त्यांनी वही होती तशी ठेवून दिली. विचारलं तर ते नाकारणार, आणि एकदा नाकारलं की जन्मभर त्याला धरून बसणार, हे बेचाळीस वर्षांचं गणित होतं. त्यापेक्षा ही वही जाऊ दे. ती निपाणीची पोर हुशार आहे. शेरा वाचेल, ओळखेल, आणि परक्या माणसानं सांगितलेलं यांना पटतं. हिशोब चोख बसला असं भागीरथीबाईंना वाटलं. पुढचे तीन आठवडे त्या नवऱ्याला रोज आठवण करत राहिल्या, "कापीची वही भरली का?"

संस्थेनं वह्या नेल्यानंतर दहा दिवसांनी फोन आला, पण विद्याश्रीचा नव्हे. संस्थेतल्या पशुवैद्य डॉक्टर पवित्रा कानडीत बोलत होत्या. कापीला घेऊन या, नोंदी काळजीच्या आहेत.

रिक्षात कापी दोघांच्या मधे बसून बाहेर तोंड काढून वारा खात होता. संस्थेत पवित्रानं कापीला टेबलावर आडवं करून पोटावर यंत्र फिरवलं, पडद्यावर बराच वेळ पाहिलं.

"प्रोस्टेटची ग्रंथी वयाच्या मानानं थोडी मोठी आहे. ते होतंच. पण इथं कोपऱ्यात एक छाया दिसते. नुसती छाया असती तर मी म्हटलं असतं, तीन महिन्यांनी परत बघू. पण वहीतले आकडे फार वाईट आहेत, सर. कुत्र्यांत सहसा असं होत नाही. त्यांची ग्रंथी वाढली की मागे दाबते, शौचाला त्रास होतो. लघवीचा एवढा त्रास म्हणजे मला आतला तुकडा काढून बघायलाच हवा."

"तुकडा म्हणजे?"

"भूल देऊन पोटातून सुई. दहा वर्षांचा आहे, भुलीचा थोडा धोका असतो. म्हणून सही लागेल."

भागीरथीबाई पुढे झाल्या. "डॉक्टर, त्या वहीतला शेरा वाचला का तुम्ही?"

"शेरे मराठीत आहेत, अम्मा. विद्याश्री बहिणीच्या लग्नाला गावाला गेलीय. आम्ही आकडे तेवढे भरून घेतले."

भागीरथीबाईंच्या चोख हिशोबाला तिथं भोक पडलं. आकडे आले होते, आणि ज्या दोन ओळींवर त्यांनी सगळी भिस्त ठेवली होती त्या कागदावरच राहिल्या होत्या. आता टेबलावर कापी होता, धडधाकट, दुसऱ्याच्या दुखण्यापायी. श्रीधररावांनी सही केली, आणि कापीच्या पोटावरचे केस काढायचं यंत्र गुणगुणायला लागलं. त्यानं मान वळवून श्रीधररावांच्या मनगटाला नाक लावलं.

बोलावं का? बोललं तर कापी सुटेल. पण बायकोनं चारचौघांत उघडं पाडलं म्हणून हा माणूस आज रुसेल, उद्या नाकारेल, आणि परवा पुन्हा पेरूखाली कुत्रा उभा करेल. न बोलावं तर? भागीरथीबाईंनी ठरवलं, भुलीची सुई भरेपर्यंत थांबायचं. त्याच्या पुढे एक क्षण नाही. कुत्र्याच्या जिवावर हिशोब करायचा नसतो.

पवित्रानं बाटली उलटी धरली. भागीरथीबाईंनी तोंड उघडलं.

"डॉक्टर, थांबा," श्रीधरराव म्हणाले. "ती पिवळी वही त्याची नाही."

"म्हणजे? नावं बदलली का?"

"नाव त्याचंच आहे. लिहिलंय माझं." ते कापीच्या पाठीवरून हात फिरवत होते, वर बघत नव्हते. "आकडे बरोबर आहेत हं. आकड्यांत काही खोट नाही."

पवित्रानं सुई ट्रेमध्ये ठेवली. ती हसली नाही, त्याबद्दल भागीरथीबाई तिच्या कायमच्या ऋणात राहिल्या. तिनं स्टूल ओढलं आणि कापीबद्दल विचारत होती त्याच आवाजात विचारलं, "लघवीतून रक्त?"

"नाही."

"घरात कुणाला?"

"थोरल्या भावाला. त्यातच गेला."

"हा त्रास कधीपासून?"

श्रीधररावांनी आठवून पाहिलं, आणि मग सवयीनं वळले. "कधीपासून गं?"

"संक्रांतीपासून. तेव्हा दोनदा होतं."

"तू मोजत होतीस?"

"तुम्ही कुत्र्याला उठवत होतात," भागीरथीबाई म्हणाल्या, "मी न उठवता उठत होते."

श्रीधररावांनी कापीच्या पाठीवरचा हात काढला. मग म्हणाले, "सांगायचं नाहीस का?"

"कोणाला सांगू? कापीला?"

एवढं मराठी पवित्राला कळलं, आणि तिनं यावर मात्र तोंड फिरवलं. तिचे खांदे हलत होते.

कापीला तीन महिन्यांनी परत दाखवायचं ठरलं, आणि त्याच दुपारी संस्थेशी जोडलेल्या रुग्णालयात श्रीधररावांचं रक्त गेलं. त्यातला प्रोस्टेटचा आकडा असायला हवा त्यापेक्षा जास्त आला. मग मूत्ररोगाचे डॉक्टर, मग तपासणी, मग त्यांच्या स्वतःच्या ग्रंथीतून सुईनं काढलेले बारा तुकडे. श्रीधरराव तेवढं सगळं करून आले आणि घरी येऊन एवढंच म्हणाले, "कापीला ह्यातून नेणार होतो मी." त्या संध्याकाळी कुत्र्याला अख्खा इडलीचा घाणा मिळाला. गोळ्या सुरू झाल्या आणि आठवड्याभरात पाचाचे तीन झाले, पण निकाल यायला बारा दिवस होते. त्या बारा दिवसांत भागीरथीबाईंनी शेजाऱ्यापाजाऱ्यांचा एकही हिशोब केला नाही. पद्मावतीअक्कांचा डबा रिकामा आला की भरून, त्यांनी पाहिलंसुद्धा नाही.

निकालाच्या दिवशी डॉक्टर शिवकुमारांनी दोघांना सूक्ष्मदर्शकाच्या खोलीत बोलावलं. हे पेशी वाचणारे डॉक्टर. कुत्र्यांच्याही वाचत आणि माणसांच्याही. गुटगुटीत, थट्टेखोर गृहस्थ. भिंग दिसताच श्रीधररावांचा हात आपोआप पुढे गेला, आणि विचारायच्या आधीच त्यांनी ते नीट जुळवून घेतलं.

"सर, तुम्ही चष्म्याचे, म्हणून परीक्षा घेतो," शिवकुमार म्हणाले. "दोन काचा आहेत. यातली तुमची कोणती?"

श्रीधररावांनी एक पाहिली, दुसरी पाहिली, परत पहिली पाहिली. "ही."

"तो सर्जापूर रोडवरचा लॅब्रडॉर आहे."

भागीरथीबाईंना तोंडाला पदर लावावा लागला.

"हसू नका अम्मा, मलाही कधी कधी क्षणभर थांबावं लागतं. इतकं सारखं दिसतं." मग ते गंभीर झाले. "आता तुमची बघा. बारापैकी दहा तुकड्यांत नुसती वयाची वाढ आहे. दोन तुकड्यांत ही जागा. नळीच्या आतल्या बाजूला पेशी बघा, एकमेकींवर चढल्यात, गर्दी केलीय, त्यांचे ठिपके मोठे झालेत. हे बरोबर नाही. पण बाहेरची ही रेघ दिसते? ती शाबूत आहे. कॅन्सर झाला की पेशी ती ओलांडून बाहेर जातात. इथं एकही गेलेली नाही."

"म्हणजे कॅन्सर नाही?"

"आज नाही. त्याच्या आधीचं आहे. काहींचं यापुढे कधीच काही होत नाही, काहींचं होतं. कोणाचं होणार हे मला आज सांगता येत नाही, तेच शोधायला हा सगळा खटाटोप चाललाय. तुम्ही दर सहा महिन्यांनी रक्त द्यायचं, वर्षानं परत बघायचं. काही सुरू झालंच तर आपण दारातच उभे असू. आणि तुमची परवानगी असेल तर हे दोन तुकडे अभ्यासाला ठेवतो."

"ठेवा की. सोबतीला तो लॅब्रडॉर आहेच." श्रीधररावांनी पुन्हा डोळा भिंगाला लावला. ती रेघ त्यांनी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश पाहिली, गिऱ्हाइकाच्या काचेवर ओरखडा शोधावा तशी. मग बाजूला सरकले. "बघ गं. बारीक आहे, पण दिसेल तुला."

भागीरथीबाईंनी पाहिलं. जांभळ्या ठिपक्यांच्या गर्दीभोवती फिकट गुलाबी कड होती, कुठंही न तुटलेली. त्यांना ती नीट दिसली, डोळे ओले असूनही.

कागद हातात देताना शिवकुमारांनी विचारलं, "भावाला मुलगे आहेत?"

"एक. सुनीलकुमार. सेहेचाळीसचा असेल."

"त्याला वडिलांच्या आजाराचं माहीत आहे ना? घरात दोघांना म्हटल्यावर त्यानं आतापासून रक्त तपासायला हवं."

श्रीधरराव आणि भागीरथीबाईंनी एकमेकांकडे पाहिलं. सुनील आता बंगळुरातच होता, पण तेव्हा मस्कतला होता. त्याला फोनवर पोटाचं म्हणून कळवलं होतं, आणि नंतर ते दुरुस्त करायचं काम कुणाच्याच वाट्याला आलं नव्हतं.

"सांगतो," श्रीधरराव म्हणाले.

यशवंतपूरच्या मेट्रो स्टेशनवर चढेपर्यंत भागीरथीबाईंनी काही विचारलं नाही. 'सांगतो' म्हणजे कधी, हे विचारायची त्यांची जीभ शिवशिवत होती. फलाटावरच्या बाकावर बसताच श्रीधररावांनी फोन काढला. कानाला कमी ऐकू येतं असं ते कधी मान्य करत नसत, म्हणून फोन नेहमी मोठ्या आवाजावर असे आणि स्वतःचा आवाज त्याहून मोठा.

"सुनील, कुठं आहेस?"

"मीटिंगमध्ये आहे, काका. अर्जंट आहे का? नंतर करू?"

"नंतर नको. चार वर्षं नंतरच चाललंय. बाहेर ये जरा." ते थांबले. दार लागल्याचा आवाज आला. "ऐक. तुझ्या बाबांना प्रोस्टेटचा कॅन्सर होता."

फलाटावरच्या दोन मुलींनी वळून पाहिलं. शेजारच्या बाकावरचे पांढऱ्या मिशांचे गृहस्थ वर्तमानपत्राचं पान उलटायचे थांबले.

"मला कुणी..."

"कुणी नाही सांगितलं. मीच नाही सांगितलं. चूक झाली. आता माझंही तपासलं. मला कॅन्सर नाही, पण आधीची पायरी सापडलीय, वेळेवर. तुला रक्त तपासायचंय. शनिवारी."

"काका, शनिवारी मुलीच्या शाळेत..."

"मग रविवारी. मी तुझ्याकडे येतो के. आर. पुरमला आणि तुला घेऊन जातो. आणि रात्री किती वेळा उठतोस तू?"

"काका, मी लिफ्टजवळ उभा आहे."

"मी मेट्रोच्या फलाटावर आहे. सांग."

गाडी आली. दारं उघडली. भागीरथीबाई अर्ध्या उठल्या, तेव्हा श्रीधररावांनी हातानं खूण केली, जाऊ दे. त्या परत बसल्या. दारं लागली, गाडी निघाली, आणि चाकांच्या आवाजावर आवाज चढवून श्रीधरराव पुतण्याला धार म्हणजे काय ते समजावत राहिले.

फोन ठेवल्यावर त्यांनी रुमालानं मान पुसली. वर्तमानपत्रवाले गृहस्थ उठून जवळ आले होते. त्यांनी घसा साफ केला.

"सार," ते कानडीत हळू आवाजात म्हणाले, "ते रक्त द्यायला उपाशी जावं लागतं का?"

"नाही, नाही. खाऊन गेलं तरी चालतं," श्रीधरराव म्हणाले, आणि भागीरथीबाईंची पिशवी बाकावरून उचलून स्वतःच्या मांडीवर घेतली. "या, बसा."